मेंदू आणि शिकणारें यंत्र

रहाटणी, काळेवाडी, थेरगांव या बाजूनें रोज सकाळीं चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांकडे जे कामगार निघतात, त्यांत माल तपासणारेहि असतात. कास्टिंगवरील केसासारखी चीर जुन्या तपासनिसाच्या नजरेंतून सहसा सुटत नाहीं. पण ती ओळखली कशी, असें विचारल्यास त्याला नेमकें सांगतां येत नाहीं. अलीकडे हेंच काम कॅमेरा व संगणक यांजकडे सोंपविण्यांत येऊं लागलें आहे. जें माणसाला शब्दांत सांगतां येत नाहीं, तें यंत्राला शिकवावयाचें कसें, हा खरा प्रश्न होता. आणि त्याची वाट मेंदूच्या अभ्यासांतून सांपडली.

मानवी मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. एकेका पेशीकडे इतर हजारों पेशींचे संदेश येतात. त्यांची बेरीज ठराविक मर्यादेपलीकडे गेली, कीं ती स्वतः पुढें संदेश पाठविते. १९४३ सालीं अमेरिकेंत वॉरन मॅक्‌कलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनीं या व्यवहाराला गणिताचें रूप दिलें. पुढें १९५९ च्या सुमारास ह्यूबेल आणि वीझेल यांना मांजराच्या मेंदूंत अशा पेशी आढळल्या, कीं ज्या विशिष्ट कलाची रेघ दिसली तरच जाग्या होतात. जपानचे फुकुशिमा यांनीं १९८० सालीं त्याच धर्तीवर थरांचें कृत्रिम जाळें रचलें : आधीं रेघा, मग आकार, मग वस्तु. कारखान्यांतील कॅमेऱ्यामागें बहुधा याच जाळ्याचे वंशज काम करीत असतात.

उसनवारी मात्र बव्हंशीं येथेंच थांबते. यंत्राला पुष्कळदां हजारों चित्रें दाखवावीं लागतात, आणि त्यांवर ‘चांगलें’ कीं ‘सदोष’ ही खूण जाणत्या तपासनिसानेंच करून द्यावी लागते. (या खुणांत त्याची वीस वर्षांची नजर ओतलेली असते, पगारपत्रकांत तिला वेगळा रकाना नसतो.) उत्तर चुकलें, कीं ती चूक शेवटाकडून आरंभाकडे मोजीत नेऊन, कोणत्या संदेशाला किती मान द्यावयाचा, हें प्रमाण जाळ्यांत जागोजाग किंचित् बदलतात. मेंदू असेंच करतो, याचा ठाम पुरावा नाहीं. लहान मूल दोनचार शेळ्या पाहून पांचवी ओळखतें; आणि मेंदूचा सारा कारभार सुमारें २० वॅटवर, म्हणजे एका मिणमिणत्या दिव्याच्या विजेंत, चालतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभारण्यांत पुढाकार घेणारे आर. नरसिंहन पुढें मूल भाषा कसें शिकतें या प्रश्नाकडे वळले, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

कारखान्यांत प्रकाश बदलला, किंवा नव्या सांच्यांतला माल आला, कीं शिकलेलें यंत्रहि अडखळतें. मग तें चित्र खुणेसाठीं पुन्हां त्याच तपासनिसाकडे येतें.