बाळाच्या वाढीची मोलाची तीन वर्षे : घरच्या घरी खेळ व संगोपन

गव्हाला पहिले पाणी केव्हा द्यावे हे आपणास सांगण्याची गरज नाही. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी पाण्याचा ताण पडला तर फुटवे कमी येतात आणि पुढच्या पाळ्यांनी ती तूट पूर्णपणे भरून निघत नाही. बालकाच्या वाढीतही अशी एक संवेदनशील अवस्था असते. ती म्हणजे जन्मापासूनची पहिली तीन वर्षे होत. तिसऱ्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के होतो. अर्थात मूल म्हणजे पीक नव्हे. तीन वर्षांनंतरही ते शिकतच असते. परंतु पुढच्या शिकण्याचा पाया याच काळात भरला जातो.

बाळाला दूध, आहार व लस वेळेवर मिळावी याची जाणीव आता खेड्यापाड्यांतून झालेली आहे. मात्र खेळणे आणि बोलणे हीसुद्धा बाळाची गरज आहे, याकडे दुर्लक्ष होते. खुरपणी, कापूस वेचणी, काढणीच्या हंगामात बाळ बांधावरच्या झोळीत दिवसभर पडून असते. ते रडत नाही म्हणजे त्याचे बरे चालले आहे, असे आपण समजतो. कामाची निकड खरी आहे. म्हणूनच पैसा न लागता आणि रोजच्या कामातच करता येतील असे खेळ येथे दिले आहेत.

खेळाने खरोखर फरक पडतो काय?

वेस्ट इंडीजमधील जमैका देशात, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये याची पाहणी सुरू झाली. वाढ खुंटलेल्या, ९ ते २४ महिने वयाच्या १२९ बालकांचे गट पाडण्यात आले. काही गटांतील बालकांच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एक तास, अशी दोन वर्षे जात असत. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी त्या नेत आणि बाळाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला करून दाखवत. सुमारे वीस वर्षांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खेळाचे साहाय्य मिळालेल्या मुलांची मिळकत ते न मिळालेल्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के अधिक असल्याचे दिसून आले. येथे महागडे खेळणे एकही नव्हते. बाळाशी खेळणारे माणूस हीच खरी निविष्ठा होती.

मूळ सूत्र

बाळाने हुंकार दिला, हात पुढे केला किंवा बोट दाखवले की आपण त्याला उत्तर द्यावे आणि मग थोडे थांबावे. ते पुन्हा आवाज काढील. आपण पुन्हा बोलावे. या देवाणघेवाणीतूनच भाषा व समज वाढते. टीव्ही किंवा मोबाईल बोलतो, पण बाळाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना पडद्यासमोर बसवू नये. दोन वर्षांनंतरही तो वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा.

वयानुसार खेळ

१) जन्म ते ३ महिने : तान्ह्या बाळाला सुमारे एक वीतभर किंवा थोड्या अधिक अंतरावरचे चांगले दिसते. तेव्हा मांडीवर घेऊन चेहरा जवळ न्यावा, नाव घेऊन बोलावे, अंगाई म्हणावी. अंघोळ घालताना "आता हात, आता पाय" असे बोलत राहावे. बाळ जागे असताना त्याला थोडा थोडा वेळ पालथे घालावे. दिवसभरात मिळून अर्धा तास व्हावा. त्यामुळे मान व खांदे बळकट होतात. मात्र त्या वेळी कोणीतरी जवळ बसलेच पाहिजे. झोपवताना नेहमी उताणे झोपवावे.

२) ३ ते ६ महिने : लाकडी चमचा, स्टीलची वाटी, स्वच्छ कापडाची गुंडाळी अशा वस्तू हातात द्याव्यात. बाळ त्या तोंडात घालणारच, कारण तोंडाने चाचपणे हेही शिकणेच आहे. म्हणून वस्तू धुतलेल्या व बिनधारेच्या असाव्यात. कधी डावीकडून, कधी उजवीकडून हाक मारावी आणि बाळ मान वळवते का ते पाहावे.

३) ६ ते १२ महिने : पदराआड तोंड लपवून "कुक" करावे. दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे बाळ यातून शिकते. डब्यात वाट्या टाकणे व काढणे हा खेळ त्याला पुन्हा पुन्हा करू द्यावा. मऊ भाताची शिते ताटलीत ठेवून चिमटीने उचलू द्यावीत. यातून पुढे लेखणी धरणारी बोटे तयार होतात.

४) १ ते २ वर्षे : एकात एक बसणारे डबे द्यावेत. रिकाम्या खोक्याला दोरी बांधून गाडी करावी. आपला जुना, ढकलत चालण्याचा लाकडी पांगुळगाडा सपाट अंगणात, लक्ष ठेवून वापरता येतो. मात्र बाळाला आत बसवण्याचे चाकांचे वॉकर टाळावेत, कारण ते वेगाने घसरून अपघात होतात. गोठ्यात नेऊन गाय, वासरू, शेळी दाखवावी व त्यांची नावे सांगावीत.

५) २ ते ३ वर्षे : स्वयंपाक करताना मुलाला कांदे एका टोपलीत व बटाटे दुसरीत ठेवायला सांगावे. लहान-मोठे, जड-हलके, आत-बाहेर हे शब्द असे कामातून येतात. चपलांच्या जोड्या लावणे, ओल्या मातीचे बैल करणे, लुटुपुटूचा बाजार मांडणे हे उत्तम खेळ होत. मुलाला लहान गोष्ट सांगावी आणि "मग काय झाले?" असे विचारावे.

हे काम केवळ आईचे नाही. संध्याकाळी शेतातून आल्यावर वडिलांनी हातपाय धुऊन पंधरा मिनिटे बाळाला घ्यावे. आजी-आजोबांच्या गोष्टी तर अनमोल आहेत. मात्र धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरल्या बहिणीची शाळा बुडवू नये. एकाचा पाया भरताना दुसऱ्याची भिंत पाडण्यात शहाणपण नाही.

घ्यावयाची काळजी

१) हरभरा, शेंगदाणे, चिंचोके, मणी, बटणे आणि घड्याळातील चपटे सेल बाळाच्या हाती लागू देऊ नयेत. ते घशात अडकतात. सेल गिळल्यास अन्ननलिकेला इजा होते.

२) कीटकनाशकाचे रिकामे डबे व बाटल्या कितीही धुतल्या तरी खेळायला देऊ नयेत. फवारणीचे कपडे बदलून, साबणाने अंघोळ केल्याशिवाय बाळाला घेऊ नये. नुकत्याच फवारलेल्या शेताच्या बांधावर झोळी बांधू नये.

३) पाण्याने भरलेली बादली, हौद, शेततळे यांजवळ बाळाला क्षणभरही एकटे सोडू नये.

वाढीत मागे वाटल्यास

सर्व बालके एकाच दिवशी चालू लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नवी दिल्लीतील बालकांचाही समावेश होता. तीनुसार आधाराशिवाय बसणे सुमारे ४ ते ९ महिन्यांत, तर स्वतंत्र चालणे सुमारे ८ ते १८ महिन्यांत येते. त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरू नये. परंतु बाळ आवाजाला दाद देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, दहाव्या महिन्यातही बसत नसेल, दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, अथवा येत असलेली गोष्ट विसरले असेल, तर "येईल हळूहळू" म्हणून थांबू नये. अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना त्वरित दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू असून, त्यातील पथक अंगणवाडीत बालकांची तपासणी करते. गरज भासल्यास पुढील उपचारासाठी बालकास जिल्हा पातळीवर पाठविले जाते. रोग दिसताच उपाय केल्यास पीक हाती लागते. येथेही उशीर न करण्यातच हित आहे.

येत्या हंगामात बियाणे व खतांचे नियोजन कराल, तेव्हा घरातल्या बाळाचाही विचार व्हावा. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत झोळीतून काढून त्याला मांडीवर घ्यावे, बांधावरचे पाखरू दाखवावे, त्याच्या हुंकाराला उत्तर द्यावे. यासाठी ना कर्ज लागते, ना अनुदान.