विश्लेषण : निवृत्तीची रक्कम आणि रिकामा दिवस… दोन्ही कसे खर्च करायचे?

निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि काही दिवसांत मोबाइलवर बँकेचा संदेश येतो. खात्यात आयुष्यात कधी न पाहिलेला आकडा जमा झालेला असतो. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, सरकारी नोकरी असेल तर निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाची रक्कम. त्याच आठवड्यात दुसरी गोष्टही हाती येते, ती म्हणजे वेळ. नऊ तास कार्यालय आणि तीन तास लोकल प्रवास करणाऱ्या माणसाचे वर्षाला २५० दिवस धरले तरी तीन हजार तास मोकळे होतात. पैशाबद्दल सल्ला द्यायला सगळे धावतात. तासांबद्दल कोणी बोलत नाही.

पहिले तीन महिने धोक्याचे का?

कारण ही रक्कम आल्याचे निवृत्त व्यक्तीइतकेच इतरांनाही कळलेले असते. बँकेतला ओळखीचा अधिकारी घरी चहाला येतो. पुतण्याला ट्रॅक्टर घ्यायचा असतो. मुलाला पुण्यात मोठा फ्लॅट हवा असतो आणि ‘बाबा, तुमचे पैसे तसेही पडूनच आहेत’ हे वाक्य कधी ना कधी येतेच. यातली प्रत्येक मागणी चुकीची असते असे नाही. मात्र ती अशा वेळी येते, जेव्हा पुढची २५ वर्षे दरमहा किती लागणार याचा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो.

अशा वेळी काही न करणे हाही एक निर्णय असतो. रक्कम तीन महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकली तर फारसे काही बिघडत नाही आणि मागणाऱ्याला सांगायला ‘पैसे अडकलेत’ हे खरे उत्तरही मिळते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची एक अट मात्र लक्षात ठेवावी लागते. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडावे लागते. साठी ओलांडलेल्यांना ही घाई नाही.

दरमहाचे गणित कसे बसते?

समजा, साठीतले एक जोडपे आहे. हातात ५० लाख रुपये, घर स्वतःचे, मासिक खर्च ४० हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला कमाल ३० लाख ठेवता येतात. २०२५ मध्ये तिचा व्याजदर ८.२ टक्के होता. दर सरकार दर तिमाहीला ठरवते, पण खाते उघडताना असलेला दर पूर्ण पाच वर्षे कायम राहतो. म्हणजे वर्षाला २ लाख ४६ हजार. ते तिमाहीला ६१,५०० रुपये असे मिळतात, महिन्याला सरासरी २०,५००. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्याची मर्यादा १५ लाख आहे. ७.४ टक्के दराने त्याचे महिन्याला ९,२५० रुपये येतात. दोन्ही मिळून २९,७५०. उरलेले पाच लाख आजारपण आणि अडीअडचणीसाठी.

खासगी नोकरीतल्या बहुतेकांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून थोडे पेन्शन मिळते. १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षे सेवा धरली तरी ते साडेसात हजारांच्या आसपास थांबते. तेही जोडले तर महिना ३७,२५० होतो. ४० हजारांना पावणेतीन हजार कमी पडतात. तेही पहिल्याच वर्षी.

खरी अडचण पुढे आहे. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. साठीला ४० हजारांत चालणारे घर बहात्तरीला ८० हजार आणि चौऱ्याऐंशीला १ लाख ६० हजार मागते. व्याज मात्र तिथेच राहते. म्हणून सगळी रक्कम निश्चित व्याजाच्या योजनांत टाकणे वाटते तेवढे सुरक्षित नाही. दहा-पंधरा वर्षे हात न लावता येईल असा काही भाग म्युच्युअल फंडासारख्या वाढीच्या गुंतवणुकीत ठेवावा लागतो. तो किती, हे निवृत्तिवेतन आहे की नाही आणि चढ-उतार पाहून झोप उडते की नाही यावर ठरते. महागाई भत्त्यासह पेन्शन घेणाऱ्या शिक्षकाला जी जोखीम परवडते, ती कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटरला परवडेलच असे नाही.

अंशराशीकरणाबाबतही एक गैरसमज असतो. सरकारी कर्मचारी निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेऊ शकतात. ती भेट नव्हे, आगाऊ घेतलेले पेन्शन आहे. पुढची १५ वर्षे तेवढे पेन्शन कमी मिळते.

बँकेतली ठेव कितपत सुरक्षित?

ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाख रुपये आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी असल्या तरी मर्यादा एकच. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांसाठी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. रांगेत उभ्या असलेल्यांत निवृत्त मंडळी मोठ्या संख्येने होती. अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी सगळी पुंजी एका सहकारी बँकेत ठेवण्यामागे बहुधा हिशेब नसतो, संचालक ओळखीचा असतो.

‘एफडीसारखीच योजना’ म्हणून विकले जाणारे विम्याचे कागद हा दुसरा सापळा. एकदाच पैसे भरायचे आहेत असे समजून सही होते आणि पुढच्या वर्षी हप्त्याची सूचना येते. विमा नियामकाच्या नियमांनुसार पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होते, बाकी पैसे मिळतात. त्यामुळे कागद कपाटात ठेवण्याआधी ‘प्रीमियम भरण्याची मुदत’ ही ओळ वाचणे फायद्याचे असते.

आणि ‘डिजिटल अरेस्ट’? कायद्यात असा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडीओ कॉलवर कोणालाही अटक करत नाही, पडताळणीसाठी पैसेही मागवत नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

मुलांना द्यावे का, आणि कसे?

द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. वाद होतो तो ‘काय दिले’ यावरून नव्हे, ‘काय म्हणून दिले’ यावरून. उसने दिलेले पैसे मुलगा भेट समजतो, एकाला दिलेले दुसरीला पक्षपात वाटतात. चार ओळींचा कागद आणि बँकेतून केलेला व्यवहार एवढ्यानेही पुढचा बराच कडवटपणा टळतो.

घराच्या बाबतीत तर अधिक जपून पाऊल टाकावे लागते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याचे (२००७) कलम २३ सांगते की, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, तो सांभाळ न झाल्यास परत मागता येते. मेख ‘अटीवर’ या शब्दात आहे. बक्षीसपत्रात अट नसेल तर ती सिद्ध करणे कठीण, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मधल्या एका निकालात म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात याच कायद्याकडे ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे पाहिले गेले. दोन्ही निकालांतून वकील एकच सल्ला काढतात. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यात लिहून घ्या. त्याहून सोपे म्हणजे घर हयातीत नावावर न करता मृत्युपत्रात द्यावे. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते, दोन साक्षीदार मात्र हवेतच. नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, हा समज खरा नाही. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. समभागांच्या बाबतीतही हेच लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले.

जमिनीच्या मोबदल्याचे काय?

निवृत्तीशिवाय उतारवयात एकरकमी पैसा येण्याचा महाराष्ट्रातला मोठा मार्ग म्हणजे भूसंपादन. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याच्या वाटेवरच्या गावांत कोरडवाहू शेतकऱ्यांच्या खात्यात एका दिवसात आलेल्या रकमा पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्पन्नाहून मोठ्या होत्या. नोकरदाराचा पगार थांबतो तेव्हा निदान भविष्य निधी हा ‘म्हातारपणाचा पैसा’ म्हणून ओळखला जातो. शेतकऱ्याची जमीन हीच पगार, पेन्शन आणि पतही असते. तिच्या पैशांतून आधी बंगला आणि गाडी आली तर या तीन्हींची जागा रिकामी राहते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बहिणींचा वाटा हा वेगळाच विषय.

हौस कधी करायची?

बहुतेक मराठी घरांत उधळपट्टीपेक्षा उलटा आजार जास्त दिसतो. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला स्वतःवर खर्च करताच येत नाही. ‘पुढे लागेल’ म्हणत काशी-रामेश्वर राहते, अंदमान राहते, आणि पुढे लागते तेव्हा गुडघे साथ देत नाहीत. साठ ते सत्तर या दशकात पाय चालतात, पोट पचवते. लांबचा प्रवास करायचा तर तेव्हाच. खर्चाचा आराखडा करताना या दहा वर्षांसाठी हौसेची रक्कम वेगळी काढलेली असली तर ती खर्च करताना अपराधी वाटत नाही.

घरातला काही खर्च चैनीत मोडत नाही. न्हाणीघरात निसरडी फरशी बदलणे, भिंतीला धरायला दांडा बसवणे, कमोड, पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत रात्रीचा दिवा. खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा हे फार स्वस्त पडते. आरोग्य विम्याबाबत परिस्थिती थोडी सुधारली आहे. ६५ वर्षांनंतर नवी पॉलिसी घेण्यावरची वयाची अट २०२४ मध्ये निघाली, आधीपासूनच्या आजारांसाठीची कमाल प्रतीक्षा तीन वर्षांवर आली आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते. ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे पाच लाखांचे संरक्षण मिळते. त्यासाठी कार्ड काढून ठेवावे लागते, आणि ते रुग्णालयात दाखल होण्याआधी काढलेले बरे.

वेळेचे काय करायचे?

नोकरी पैसा देत होती, तशीच ओळख आणि वेळापत्रकही देत होती. ‘साहेब’ म्हणणारे कोणी उरत नाही. पहिल्या महिन्यात कपाटे आवरली जातात, दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी चुकीची असल्याचा शोध लागतो. इथे घरातल्या बाईचा विचार क्वचितच होतो. नवरा निवृत्त होतो, ती होत नाही. उलट तिची दुपार जाते, कारण आता चहा दोनाचा चार वेळा होतो. तिचा दिवस तिच्याकडे राहायचा असेल तर त्याने निदान भाजी आणणे, बिले भरणे, एक वेळचा स्वयंपाक एवढे अंगावर घ्यावे लागते. पोळ्या जमल्या नाहीत तरी खिचडी जमते.

बाहेर पर्याय कमी नाहीत. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालये, भजनी मंडळे, बागेतला कट्टा. राहून गेलेली पदवी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घेता येते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मे भाडे, आणि मार्च २०२३ पासून महिलांना कोणत्याही वयात निम्मे. त्यामुळे मामाचे गाव, जुने सहकारी, वारीच्या वाटेवरचे चार मुक्काम हे सगळे आवाक्यात येते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच.

टिकते ते ठरलेल्या दिवसाचे आणि कोणीतरी वाट पाहणारे काम, असा अनुभव अनेक संघांत ऐकू येतो. ‘कधीतरी मुलांना गणित शिकवीन’ हे होत नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता, पालिकेच्या शाळेत’ हे होते. निवृत्त लेखापाल सोसायटीचे हिशेब तपासतो, परिचारिका शेजारच्या आजींचा रक्तदाब बघते, वायरमन वस्तीतल्या मुलांना हाताशी धरतो. नातवंडांचे संगोपन हेही मोठे काम, पण ते आजी-आजोबांना विचारून ठरलेले असावे, गृहीत धरलेले नव्हे. आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा मागितला तर त्यात गैर काही नाही.

एकटे राहणाऱ्यांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत सुरू असते. पेन्शन, छळ, काळजीवाहकाचा शोध यांसाठी तिथे फोन करता येतो, आणि कोणाशी तरी बोलावेसे वाटले तरीही.