रक्तातला विळा

आमच्या दिघोरीकडे धान विळ्याने कापतात. त्यामुळे ‘सिकलसेल’ समजवायला फार शब्द लागत नाहीत. सिकल म्हणजे विळा. एरवी गोल, मऊ असणारी तांबडी पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग सांधे ठणकतात, अंगातले रक्त कमी होते. मध्य भारतात हा दोष असल्याचे नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले.

डॉक्टर सर्वांना दिसतो, प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ कुणाला दिसत नाही. या आजाराचे पक्के निदान मात्र त्याच्याच टेबलावर होते. पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन त्या झाकल्या, तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. पण माणूस रुग्ण की नुसता वाहक, हे यातून कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाबाबत तर ही चाचणी फसवते.

म्हणून पुढची पायरी इलेक्ट्रोफोरेसिस. विजेच्या प्रवाहात निरोगी हिमोग्लोबिन पुढे सरकते, सिकलचे मागे रेंगाळते. वाहकाचे दोन पट्टे दिसतात. रुग्णात पुढचा पट्टा नसतोच. नुकतेच बाहेरचे रक्त चढवले असेल तर तो दिसतो, म्हणून जाणता तंत्रज्ञ आधी तेच विचारतो. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये याच पद्धतीने दोष हिमोग्लोबिनमध्ये असल्याचे दाखवले. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली : १४६ कड्यांच्या साखळीत सहावी कडी बदललेली. आम्हा कवींच्या भाषेत, एका अक्षराची चूक!

दोन पट्ट्यांचा माणूस धडधाकट असतो, शेतात राबतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के. पहिले आजारी निघाले म्हणून पुढची तीन चांगली, असा हिशेब नाही. गावात दोष सुनेच्या माथी मारतात. तो दोन्हीकडून आल्याशिवाय मूल रुग्ण होतच नाही. आम्हा मुसलमानांत चुलत-मामे भावंडांत सोयरीक होते, तिथे दोघांत एकच दोष असण्याचा संभव वाढतो. मेहेरची बोलणी करण्याआधी मुलामुलीचे रक्त तपासावे, असे मी आमच्याकडे उघड सांगतो. काहींना ते रुचत नाही.

आणि सोल्युबिलिटीच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ आले, तर तिथेच थांबू नका. पट्ट्यांची चाचणी मागून घ्या.