लेकीचे दिवस लपवले, तर घराचे हक्कही बुडतात

दवाखान्यात काही प्रश्न मोठ्या आवाजात विचारले जात नाहीत. बाकीचे पेशंट गेले की आई पदर सावरत पुढे येते, मुलगी मागे भिंतीला टेकून उभी असते. मुलीचे वय पंधरा-सोळा. कधी घाईने लग्न लावून दिलेली, कधी लग्न न झालेली. पोट दिसू लागलेले असते. मला वाटते, आई आता मुलीच्या तब्येतीचे विचारील. पण बहुतेक वेळा पहिला प्रश्न वेगळाच असतो, "बाई, सरकारात कळलं तर आमचं रेशन बंद होईल का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात महिन्याचे धान्य आणि चार योजनांचे पैसे यांवर चूल चालते, तिथे ही भीती खरीच असते. या भीतीपोटी घर गप्प बसते, मुलीची नोंद होत नाही आणि तपासणीही होत नाही. म्हणून आजच्या लेखात औषधांबरोबर कागदपत्रांचीही माहिती देत आहे.

प्रश्न आपल्या दारातला

२०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. परभणी आणि बीड जिल्ह्यांत तर हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होते. तेव्हा "आमच्याच घरावर ही वेळ आली" असे समजून तोंड लपवू नये.

अंगाला काय धोका?

या वयात मुलीचे स्वतःचेच शरीर वाढत असते, कंबरेची हाडे पुरती भरलेली नसतात. त्यात रक्त कमी. रक्तातले हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की गरोदरपणात आपण त्याला पंडुरोग म्हणतो. कोवळ्या वयात रक्तदाब वाढून झटके येणे, बाळंतपण अडणे, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणे, बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे होणे, हे सारे विशीतल्या बाईपेक्षा अधिक घडते. वेळेवर नाव नोंदवले, लोहाच्या गोळ्या घेतल्या, रक्तदाब मोजत राहिले आणि बाळंतपण दवाखान्यात केले, तर यातले पुष्कळसे टळते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे अशा मुलीला अवश्य न्यावे.

काय बंद होत नाही?

रेशन बंद होत नाही. अंत्योदय कार्डावर घराला महिना ३५ किलो धान्य मिळते, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. मुलगी गरोदर आहे म्हणून यातला दाणाही कमी करता येत नाही. धान्य कमी होते ते दुसऱ्याच कारणाने. मुलीचे घाईने लग्न लावून तिचे नाव माहेरच्या कार्डातून काढले जाते आणि सासरच्या कार्डावर महिनोन् महिने चढत नाही. नेमके पोटभर खाण्याच्या दिवसांत तिच्या वाट्याचे ५ किलो दोन्हीकडून जातात.

आईला 'लाडकी बहीण' योजनेचे पैसे मिळत असतील तर तेही मुलीच्या गरोदरपणामुळे थांबत नाहीत. त्या योजनेच्या अटी आईचे वय, घरचे उत्पन्न अशा आहेत, लेकीच्या पोटाचा त्यात उल्लेख नाही.

वय आडवे येत नाही अशा सोयी

अंगणवाडीतला पूरक आहार गरोदर मातेला आणि बाळंतपणानंतर सहा महिने मिळतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो हक्क दिला आहे आणि तो प्रत्येक गरोदर स्त्रीचा आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला दवाखान्यात बाळंत झाल्यावर आपल्या राज्यात खेड्यात ७०० व शहरात ६०० रुपये मिळतात. पूर्वी तिथे १९ वर्षांची अट होती, ती मे २०१३ मध्ये काढून टाकली. ही गोष्ट अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

वयाची अट कुठे आहे?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात, पण आईचे वय किमान १८ वर्षे ७ महिने असावे लागते. सोळाच्या मुलीला ते मिळणार नाहीत, हे स्पष्टच सांगते.

इथेच मोह होतो. कार्डावर वय "एकोणीस" लिहा म्हणून माझ्याकडे आग्रह धरणारे पालक मी पाहिले आहेत. मी तसे लिहीत नाही आणि कोणी लिहूही नये. आधार कार्डावरचे वय वेगळे निघाले की पैसे तसेही अडतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या सिस्टरच्या हाती ते कार्ड पडते. त्यावर एकोणीस दिसले तर जोखमीच्या मुलीकडे जसे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, तसे पाहिले जाईलच असे नाही. पाच हजारांसाठी जिवाशी खेळ होतो.

पोलिसांचे काय?

हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे डॉक्टरला बंधनकारक आहे. लग्न झाले असले तरी कायदा तोच; ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. घराला याचा त्रास होतो, कमावता जावई अडकतो, हे मी पाहते. पण याच कारणाने उपचार नाकारण्याचा अधिकार कोणत्याही दवाखान्याला नाही, सरकारी असो की खाजगी.

गर्भ नको असेल तर उशीर करू नये. अल्पवयीन मुलीला पालकाच्या लेखी संमतीने २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो. २० आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचे मत लागते. मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास अशा वेळी पोलिसांना माहिती देताना डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे. वैदूकडच्या काडीला किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्यांना मात्र हातही लावू नका.

नोंद झाल्यावर मिळणारा आधार

पॉक्सोखाली गुन्हा नोंदला गेला की 'मनोधैर्य' योजनेखाली अर्थसाहाय्यासाठी अर्ज करता येतो. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. अविवाहित मातेच्या बाळाला बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात, त्यासाठी बालकल्याण समितीकडे जावे. बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवावा. वडिलांचे नाव नसले तरी आईच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळतो. २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसा आहे. त्याच दाखल्यावर पुढे बाळाचे नाव रेशन कार्डात घालण्याचा अर्ज होतो. आणि मुलीचे शाळेतून नाव काढू नका. शाळा सुटली की शिष्यवृत्ती जाते, वसतिगृह जाते आणि तिचे पुढचे आयुष्यही अडते.

आता एवढे करा

पाळी चुकल्याचे कळताच आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना सांगा. खरे वय सांगून नोंद करा. मुलीचे आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि रेशन कार्डाची झेरॉक्स एका पिशवीत ठेवा. बाळंतपणाच्या गाडीसाठी १०२ किंवा १०८, मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मोफत वकिलासाठी १५१०० हे नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. पायांवर सूज, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अंगावरून रक्त जाणे यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

लोक काय म्हणतील, ते दोन महिने म्हणतील. पोरीला रागवायचे असेल तर नंतर रागवा. आधी तिच्या ताटात दोन घास जास्त वाढा आणि तिला दवाखान्यात घेऊन या.