दोन खाचांचा लॅपटॉप

थिंकपॅड एक्स२२० पालथा घाला आणि खिडकीपाशी उजेडात धरा. काळ्या प्लास्टिकवर, स्क्रूंच्या शेजारी, बारीक चित्रं कोरलेली दिसतील. काहींजवळ कीबोर्डचं चित्र आहे, काहींजवळ मेमरीच्या पट्टीचं. कीबोर्ड काढायचा तर कुठले स्क्रू सोडायचे आणि मेमरी बदलायची तर कुठले, हे यंत्र स्वतःच सांगतं. ज्यांनी ही चित्रं तिथे घातली ते एक गोष्ट धरूनच चालले होते: हे यंत्र कधी ना कधी कुणीतरी उघडणार, आणि उघडणारा कारखान्यातलाच माणूस असेल असं नाही. त्या चित्रांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

२०२५च्या दिवाळीआधी सांगलीहून भाचीचा फोन आला. डिप्लोमाला आहे. तिच्या बाबांनी ओळखीतून घेतलेला जुना लॅपटॉप ती वापरते. म्हणाली, "मामा, चार टॅब उघडले की माउससुद्धा अडकतो. इथे दाखवला तर म्हणाले, हा आता गेला, नवीनच घ्या." मी तिला मशीनच्या खालच्या लेबलचा फोटो पाठवायला सांगितला. एक्स२२० होता. मेमरी ४ जीबी, म्हणजे २-२ जीबीच्या दोन पट्ट्या. मी म्हटलं, "तो कुठेही गेलेला नाही. भाऊबीजेला येताना घेऊन ये."

या मशीनचं घराणं मोठं आहे. थिंकपॅड हे नाव आयबीएमचं. १९९२च्या ऑक्टोबरात ७००सी हे मॉडेल आलं आणि नाव गाजलं. बाह्यरूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरचं. जपानी जेवणाच्या डब्याची कल्पना त्याच्या डोळ्यांसमोर होती: बाहेरून साधा काळा चौकोन, झाकण उघडलं की आत सगळं नीट मांडलेलं. आतली रचना जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत झाली. तिथल्या अरिमासा नाइतो यांना आजही थिंकपॅडचे जनक म्हणतात. २००५ साली आयबीएमने हा सगळा व्यवसाय लेनोव्होला विकला, पण यामातोची माणसं आणि तिथली शिस्त टिकून राहिली. एक्स२२० आला २०११ मध्ये. साडेबारा इंचांचा पडदा, वजन दीड किलोच्या आसपास, आणि सात ओळींचा तो जुना कीबोर्ड. एक्स मालिकेत हा कीबोर्ड मिळालेलं हे शेवटचं मशीन. पुढच्याच वर्षीच्या एक्स२३०मध्ये सहा ओळी आल्या. टाइप करण्यावर ज्यांचं पोट आहे अशी माणसं त्या सातव्या ओळीबद्दल अजून हळहळतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

या सगळ्याहून मला मोठी वाटते ती एक पुस्तिका. थिंकपॅडची दुरुस्ती कशी करायची याची कंपनीची स्वतःची पुस्तिका कुणालाही फुकट उतरवून घेता येते. कुठला भाग कुठल्या क्रमाने निघतो, कुठला स्क्रू किती लांबीचा, सगळं चित्रांसकट. हे ज्ञान कंपनीने कुलपात ठेवलेलं नाही.

आता चार टॅबला मशीन का अडकतं ते पाहू. पुरणपोळ्या करायच्या आहेत आणि ओटा दोन हातांचा आहे असं समजा. परात, पुरणयंत्र, पोळपाट, तवा एका वेळी ओट्यावर मावत नाहीत. मग कणीक तिंबून झाली की परात माळ्यावर, स्टुलावर चढून पुरणयंत्र खाली, पुरण वाटून झालं की ते वर आणि पोळपाट खाली. करणारी कितीही सुगरण असली तरी तिचा सगळा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. मेमरी म्हणजे ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. प्रोसेसरला जे हाताशी हवं ते मेमरीत मावलं नाही की त्यातलं काही डिस्कवर ठेवून दुसरं आणावं लागतं. हार्ड डिस्कवरून एखादा तुकडा शोधून आणायला काही मिलिसेकंद लागतात. मेमरीतून तोच तुकडा यायला एका मायक्रोसेकंदाचा दहावा भागही लागत नाही. फरक हजारो पटींचा आहे. लॅपटॉपवरचा तो बारका दिवा सतत लुकलुकत असतो आणि बाण जागचा हलत नाही, तेव्हा आत हीच स्टुलावरची चढउतार चाललेली असते. प्रोसेसर म्हातारा झालेला नसतो, ओटा पुरत नसतो. डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर माळा बराच जवळ येतो आणि ते जरूर करावं, पण ओट्याची जागा माळा घेऊ शकत नाही.

ही मेमरी ज्या कल्पनेवर चालते तीही आयबीएमच्याच एका माणसाची. रॉबर्ट डेनार्ड यांना ती १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये पेटंट मिळालं. एक बिट साठवायला एकच ट्रान्झिस्टर आणि एकच कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य. त्याआधी एका बिटासाठी कितीतरी जास्त सामग्री लागायची. अडचण एवढीच की कपॅसिटर गळका असतो. भरलेली घागर बघता बघता रिकामी व्हावी तसा भार निघून जातो, म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घागर एकदा तपासून भरली जाते, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा. ८ जीबीच्या एका पट्टीत अशा घागरी किती? ६,८७१ कोटींहून अधिक. लॅपटॉप नुसता झोपवून ठेवलेला असतानाही हे पाणी भरणं चालूच असतं, आणि वीज तोडली की क्षणात सगळं कोरडं. हे सगळं तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीवर मावतं आणि ती पट्टी सर्वसामान्य माणूस हाताने बसवू शकतो, याचं मला इतक्या वर्षांनीही नवल वाटतं.

पट्ट्या आणायला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव घेणारा क्वचित भेटेल. रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकाच्या भागांपर्यंत या रस्त्याने सगळं पाहिलंय. काउंटरवर पोचलात की तीन प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरं तयार हवीत. लॅपटॉपची की डेस्कटॉपची? डीडीआर कितवी, म्हणजे मेमरीची पिढी कुठली? आणि तिसरा प्रश्न चांगला दुकानदारच विचारतो: "थ्री की थ्री-एल, साहेब?"

या तिसऱ्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. डीडीआर३ची साधी पट्टी दीड व्होल्टवर चालते. तिच्या स्टिकरवर पीसी३ लिहिलेलं असतं. नंतर आलेली कमी विजेची पट्टी १.३५ व्होल्टची, तिच्यावर पीसी३एल असतं. दोन्हींना २०४ पिना, दोन्हींच्या कडेवरची फट एकाच जागी, म्हणजे बसतात दोन्ही सारख्याच. एल असलेली पट्टी दीड व्होल्टही सोसते, म्हणून एक्स२२०ला दोन्ही चालतात. उलट बाजूने मात्र वाट नाही. २०१३च्या एक्स२४०सारख्या मशीनला फक्त एल लागते. त्यात साधी पट्टी घातली तर ती छान बसते आणि मशीन सुरूच होत नाही. माझं एकदा असंच झालं होतं आणि लॅपटॉपच बिघडला समजून मी दोन दिवस तळमळत होतो. तेव्हापासून एल असलेलीच घेतो. डीडीआर२ची किंवा डीडीआर४ची पट्टी चुकून घेतलीत तर निदान ती खाचेत जातच नाही, तिची फट दुसरीकडे असते. जाईना तर जोर लावू नये.

किती घ्यायची? एक्स२२०च्या सुरुवातीच्या माहितीपत्रकांत कमाल ८ जीबी असं होतं. त्या काळी ८ जीबीची एकेक पट्टी बाजारात दुर्मिळच होती. पण आतल्या इंटेल प्रोसेसरच्या कागदांत १६ जीबीची सोय आहे, आणि प्रत्यक्षात ८-८च्या दोन पट्ट्या घातल्या की मशीन १६ जीबी निमूट स्वीकारतं. मी दोन घेतल्या. एकच मोठी घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्याव्यात, कारण दोन खाचा म्हणजे प्रोसेसरकडे जाणारे दोन रस्ते. त्यात या मशीनला चित्र काढण्यासाठी वेगळी मेमरी नाही, तीही याच ओट्यावरून घेतली जाते. दोन्ही रस्ते चालू असले की पडदाही हलका होतो.

भाऊबीजेला जेवणं झाल्यावर टेबलावर जुना पंचा अंथरला. भाचीने चार्जर काढला, बॅटरी काढली. या मशीनची बॅटरी मागून सरकवून हाताने निघते. मग उरलीसुरली वीज जावी म्हणून चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरायला सांगितलं. आमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत अंगावरच्या स्थिर विजेची भीती कमी, पण नागपूरच्या हिवाळ्यात स्वेटर घालून हे काम करू नये. कुठेही असा, आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावावा. तिने खिडकीच्या गजाला लावला.

मेमरीच्या चित्राजवळचे स्क्रू सैल केले आणि झाकण निघालं. आत एकावर एक अशा दोन पट्ट्या. दोन्ही बाजूंच्या बारीक चिमट्या बोटांनी बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते, झोपलेल्या माणसाने कोपरावर उठावं तशी. ती ओढून काढायची. नवी पट्टी तशीच तिरकी धरायची, फट जुळवायची, सोनेरी पिना पूर्ण आत जाईपर्यंत सरकवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही चिमट्या 'टक्' करून बसल्या पाहिजेत. भाचीने दोन्ही बसवल्या, बॅटरी लावली, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळा. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत, डिस्प्ले आला नाही. तिचा चेहरा उतरला. "मामा, गेला का?"

गेला नव्हता. वीज काढून पुन्हा पाहिलं तर वरच्या पट्टीच्या सोनेरी पिनांची एक बारीक रेघ बाहेर दिसत होती. चिमट्या लागल्या होत्या, पण पट्टी पुरती आत गेली नव्हती. नव्याने मेमरी घातल्यावर डिस्प्ले आला नाही तर पहिला संशय याचाच घ्यावा. काही जण पिना खोडरबराने घासतात, त्याने वरचा सोन्याचा पातळ थर झिजतो. डाग असेलच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा बरा. आम्हाला तीही गरज पडली नाही. तिने पट्टी काढली, दोन्ही अंगठ्यांनी सरळ रेटली, रेघ नाहीशी झाली. टक्. या वेळी पडदा उजळला आणि आतल्या माहितीत १६ जीबी दिसले. ती काही बोलली नाही, पण फोन काढून तिने त्या आकड्याचा फोटो काढला.

याच घराण्याचा पुढचा प्रवास मला अस्वस्थ करतो. एक्स२२०ला दोन खाचा. एक्स२४०ला एक. २०१८च्या एक्स२८०ला एकही नाही, मेमरीच्या चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या. दोन, एक, शून्य, अवघ्या सात वर्षांत. ॲपलच्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये मेमरी बदलता येईल असं शेवटचं मॉडेल २०१२चं होतं. यामागे नुसता लोभ आहे असं मी म्हणणार नाही. खाच जाडी वाढवते. शिवाय फोनमध्ये असते तशी कमी विजेची वेगवान मेमरी खाचेच्या लांबच्या तारांतून नीट बोलत नाही, तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ बसावं लागतं. बॅटरी जास्त टिकते, हा फायदाही खराच. पण किंमत कोण मोजतं? वापरणाऱ्याला पुढच्या सगळ्या वर्षांची गरज खरेदीच्याच दिवशी ओळखावी लागते. एक चिप बिघडली तर अख्खा बोर्ड बदलावा लागतो. आणि ज्या घरात लॅपटॉप दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताचाच येतो, त्या घरातल्या मुलीला पहिल्या मालकाने केलेली काटकसर शेवटपर्यंत भोगावी लागते. हे मला मान्य नाही.

म्हणून २०२४ मध्ये बरं वाटलं. थिंकपॅड टी१४च्या पाचव्या पिढीत लेनोव्होने दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या आयफिक्सिट या कंपनीच्या सल्ल्याने इंटेलच्या मॉडेलला दोन खाचा पुन्हा दिल्या. त्याच वर्षी थिंकपॅड पी१मध्ये एलपीकॅम२ नावाची नवी पट्टी आली. ती कमी विजेच्या त्याच वेगवान चिप घेऊन येते, पण सोल्डर न करता बोर्डवर सपाट दाबून स्क्रूंनी बसते. म्हणजे पातळपणा किंवा बॅटरी हवी तर बदलायची सोय सोडावी लागेल, हे सांगणं आता तितकं खरं राहिलेलं नाही.

भाचीच्या मशीनपुढे आणखी एक भिंत होती. दिवाळीच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०ची मुदत संपली होती, आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला घेत नाही. मेमरी १६ असली तरीही. म्हणून मशीनवर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं. भाचीला लागणारी प्रोग्रामिंगची साधनं त्यावर मिळतातच.

त्याआधी रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला होता. तो प्रोग्राम प्रत्येक घागरीत वेगवेगळे आकडे भरून ते तसेच परत मिळतात का पाहतो. जुन्या बाजारातून आणलेल्या पट्ट्यांसाठी हे मी कधीच टाळत नाही. सकाळी चहाच्या वेळी पडद्यावर एकही चूक नव्हती. भाचीने झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि काढलेल्या दोन पट्ट्या टिश्यूत गुंडाळून पिशवीत ठेवायला लागली.

"त्या कशाला?" मी विचारलं.

"होस्टेलवर एकीच्या लॅपटॉपला एकच पट्टी आहे, दोनची. दुसरी खाच रिकामी आहे. मी बघून ठेवलीये." मग थांबून म्हणाली, "पण मामा, तिची थ्री आहे की थ्री-एल ते बघायला हवं ना?"