नाव कोनाचे, माल कोठला?

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण काही बिअरच्या बाटलीवरून पडलेली नाही. पण अमेरिकेत ती एका बाटलीस नेमकी लागू पडली.

हवाई बेटांतील कोना या गावी १९९४ साली त्याच नावाचा एक लहानसा बिअरचा कारखाना निघाला. पुढे खप वाढला, तशा बाटल्या दूर मुख्य भूमीवर, ऑरेगन, वॉशिंग्टन अशा राज्यांत भरल्या जाऊ लागल्या. खोक्यावर मात्र सागराच्या लाटा, बेटाचा नकाशा आणि वर ‘आमचा कारखाना पाहावयास या’ असे निमंत्रण!

२०१७ साली गिऱ्हाइकांनी कॅलिफोर्नियात दावा लावला. लाटांची चित्रे एक वेळ शोभेची मानता येतील. पण नकाशा नि निमंत्रण पाहून माल बेटावरचाच असे कोणासही वाटू शकेल, असे म्हणून न्यायाधीशांनी दावा पुढे चालू दिला. २०१९ साली तडजोड झाली. सुमारे ४७ लाख डॉलरची भरपाई ठरली आणि बिअर कोठे तयार होते ते वेष्टनावर छापण्याचेही मालकांनी कबूल केले.

चव बिघडली अशी तक्रार नव्हतीच. तक्रार होती ती गावाच्या नावाची. बडोद्यास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावातही एखादे गाव असते, आणि तेथे आजोबांचेही पाऊल पडलेले नसते. पण ते नाव आपण आठवण म्हणून सांभाळतो. त्यावर चार पैसे जास्त मागत नाही.