रायगडावर संस्कृत-संभाषण

गतवर्षीं रज्जुमार्ग टाळून आम्ही बारा विद्यार्थ्यांसह रायगड पायींच चढलों. पाचाडपासून केवळ संस्कृतांत बोलावयाचें, हा आमचा नियम. अर्ध्या वाटेवर एक मुलगा घेरी येऊन मटकन् खालीं बसला. पाणी मागतांना गुरुजींस ‘देहि’ म्हणावें कीं ‘ददातु’, या विवंचनेंत तो तहानेला असूनही गप्प राहिला होता! दोष सर्वस्वीं आमचा. नियम तत्काळ शिथिल केला. मग मात्र जिभा सुटल्या. १६७४ सालीं राज्याभिषेक पाहिलेल्या त्या गडावर, जगदीश्वराच्या मंदिरापाशीं, भिंतींतील संस्कृत शिलालेख मुलांनीं अक्षरांवर बोट फिरवीत तासभर लावला. पायरीवरील हिरोजीचा मराठी लेख क्षणांत वाचला. उतरतांना त्याच मुलानें तांब्या पुढें केला : “भवान् जलं पिबतु.”